स्टेडियमचं बिल शेवटी कुणाच्या पावतीवर येतं

दोन वर्षांपूर्वी ताईकडे सिनसिनाटीला गेलो होतो, तेव्हा एकदा भाच्याला बूट घ्यायला आम्ही सगळेच दुकानात गेलो. बूट ६० डॉलरचे, बिल झालं ६४ डॉलर ६८ सेंट. गाडीत बसल्यावर भाऊजींनी पावती माझ्या हातात दिली आणि टॅक्सच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, यातले ३० सेंट त्या स्टेडियमचे. मी पावती उलटसुलट करून बघितली, स्टेडियम हा शब्द त्यावर कुठेच नाही, फक्त सेल्स टॅक्स एवढंच लिहिलेलं. पण ओहायो राज्यातल्या या हॅमिल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) १९९६ साली लोकांनी मत देऊन विक्रीकरात अर्धा टक्का वाढवून घेतला, तो दोन स्टेडियम बांधायला, आणि तो अजून चालू आहे. घरी न्यायच्या किराणा मालावर तिथे हा टॅक्स लागत नाही, पण बूट, भांडी, वह्या, फ्रिज सगळ्यावर लागतो. ज्याने आयुष्यात कधी मॅच बघितली नाही तोही भरतो. १९९६ ला ताई मिरजेत शाळेत होती आणि भाच्याचा तर पत्ताच नव्हता, आणि आज त्याच्या बुटांवर तो टॅक्स लागतोय, हे ऐकल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज जरा नीट आणि सोपं करून लिहितोय.

प्रश्न साधाच आहे. खाजगी मालकाच्या टीमसाठी, म्हणजे ज्या टीमचे खेळाडू कोट्यवधी कमावतात, मालक त्याहून जास्त कमावतो आणि तिकिटं विकत घ्यावी लागतात, अशा टीमसाठी स्टेडियम बांधायला जनतेचा पैसा द्यावा का? अमेरिकेत हा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिथले अनुभव इतके उघडे आहेत की शिकायला तेच सगळ्यात चांगलं ठिकाण.

आधी हे समजून घेऊ की एखादं शहर तयार तरी का होतं. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये टीम फक्त ३२ आहेत. आपल्याकडे गल्लीत दहा पोरं जमली की टीम झाली, तसं तिथे नाही, नवीन टीम घ्यायची की नाही हे आधीचे मालकच ठरवतात. टीम कमी आणि हवी असणारी शहरं जास्त, म्हणजे भाव कुणाच्या हातात हे वेगळं सांगायला नको. मालक म्हणतो, नवीन स्टेडियम द्या नाहीतर मी चाललो दुसऱ्या गावाला. आणि ही धमकी पोकळ नसते. नोव्हेंबर १९९५ मध्ये ओहायोतल्याच क्लीव्हलँड शहराच्या ब्राऊन्स टीमच्या मालकाने जाहीर केलं की टीम बाल्टिमोरला नेतोय, आणि नेलीच. आपल्याच राज्यातल्या शहरात हे घडल्यावर सिनसिनाटीच्या लोकांच्या पोटात गोळा येणारच. त्यांच्या बेंगल्स या फुटबॉल टीमचा मालकही शहर सोडायच्या गोष्टी करत होता. चार महिन्यांत, मार्च १९९६ मध्ये, मतदान झालं आणि साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, उद्या कुणी म्हटलं की मुंबईची टीम उचलून अहमदाबादला नेतो तर आपण काय करू याचा विचार करा.

मत मिळवताना लोकांना एक आश्वासन दिलं होतं, की विक्रीकर वाढला तरी त्याच पैशातून घरमालकांना घरपट्टीत सवलत देऊ. म्हणजे या खिशातून घेऊ आणि त्या खिशात थोडं परत टाकू. २००० साली फुटबॉलचं स्टेडियम उघडलं, २००३ ला बेसबॉलचं. आणि मग हिशोब बिघडायला लागला. बांधकामाचा खर्च ठरल्यापेक्षा वाढला, आणि विक्रीकरातून येणारं उत्पन्न दरवर्षी ज्या वेगाने वाढेल असं धरलं होतं तसं ते वाढलं नाही, त्यात २००८ ची मंदी आली. मंदीत लोक कमी खरेदी करतात, म्हणजे टॅक्स कमी येतो, पण कर्जाचा हप्ता काही कमी होत नाही. मग काउंटीने काय केलं, तर घरपट्टीची सवलत कापली, बाकीच्या कामांचे पैसे आखडले, आणि त्या ओढाताणीच्या काळात काउंटीच्या मालकीचं एक हॉस्पिटलसुद्धा विकलं. हे मला भाऊजींनी सांगितलं तेव्हा आधी खरंच वाटलं नाही, नंतर मी वाचून खात्री करून घेतली.

आणि करार कसा होता तो बघा. स्टेडियम काउंटीच्या मालकीचं, हे ऐकायला चांगलं वाटतं, की चला निदान जनतेची मालमत्ता तरी झाली. पण मालकी म्हणजे दुरुस्ती आपली. बाकीच्या ठराविक संख्येच्या स्टेडियममध्ये एखादी नवीन सोय आली की ती इथेही काउंटीने स्वतःच्या खर्चाने बसवून द्यायची असं करारात होतं, आणि त्या यादीत हवेत त्रिमितीय चित्र दिसणाऱ्या रिप्लेचं मशीनसुद्धा लिहून ठेवलेलं, जे तेव्हा कुठेच नव्हतं! आपण घर भाड्याने देताना भाडेकरू असं म्हणाला की शेजारच्यांनी एसी लावला तर मलाही तुम्ही लावून द्यायचा, तर आपण त्याला जिना दाखवू. इथे मात्र भाडेकरूने अट घातली आणि घरमालकाने सही केली, कारण घरमालकाला भाडेकरू निघून जायची भीती. २०२५ मध्ये जुना करार संपत आला म्हणून नवीन झाला, स्टेडियमचं नूतनीकरण ४७ कोटी डॉलरचं, त्यातले ३५ कोटी काउंटीचे आणि १२ कोटी टीमचे. म्हणजे पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच टेबल, आणि पुन्हा मोठा वाटा जनतेचाच.

आता हे पैसे उभे कसे राहतात ते सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे आणि तिकडे कुणी फारसं बघत नाही. शहराकडे एवढी रोकड नसते, म्हणून ते कर्जरोखे काढतं, म्हणजे बाँड. गुंतवणूकदार पैसे देतात, शहर ते वीस, तीस, चाळीस वर्षं व्याजासकट फेडतं. पेपरात हेडलाइन येते ती मुद्दलाची, व्याजाची नाही. मायामीचं बेसबॉल स्टेडियम २०१२ ला उघडलं, त्याच्यासाठी काढलेल्या रोख्यांपैकी एक ९ कोटी १० लाख डॉलरचा होता आणि त्याचे फेडायचे होतात साधारण ११८ कोटी डॉलर. परत वाचा, मी शून्य चुकवलेलं नाही. सुरुवातीची वर्षं हप्ता भरायचाच नाही, तो पुढे ढकलायचा, असा रोखा असला की व्याजावर व्याज चढत जातं आणि मुद्दलाच्या तेरा पट होतं. गावाकडे सावकारी कर्जाच्या अशा गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. आणि टीमचं काय झालं? मालकाने ती २००२ ला १५.८ कोटी डॉलरला घेतली होती आणि २०१७ ला १२० कोटीला विकली. स्टेडियममुळे टीमची किंमत वाढली, ती वाढ मालकाच्या खात्यात, आणि कर्ज त्या लोकांच्या नातवंडांच्या खात्यात.

याहून वाईट म्हणजे कर्ज स्टेडियमपेक्षा जास्त जगतं. सिएटलला किंगडोम नावाचं १९७६ सालचं भलंमोठं बंदिस्त स्टेडियम होतं, ते मार्च २००० मध्ये स्फोटकं लावून पाडलं, काही सेकंदांत सगळं खाली. त्याचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये. पंधरा वर्षं लोक अशा इमारतीचे हप्ते भरत होते जी जागेवर नव्हतीच. सेंट लुईसला तर इमारत आहे पण टीम गेली. तिथे १९९५ साली जनतेच्या पैशाने डोम, म्हणजे घुमटाचं बंदिस्त स्टेडियम बांधलं, रॅम्स टीमला लॉस एंजेलिसहून आणलं, आणि करारात लिहून दिलं की ठराविक वर्षांनी हे स्टेडियम देशातल्या पहिल्या पंचवीस टक्क्यांत बसलं पाहिजे, नाही बसलं तर टीम मोकळी. बाकीची शहरं नवीन नवीन बांधत असताना जुनं स्टेडियम पहिल्या पंचवीस टक्क्यांत ठेवायचं म्हणजे न संपणारी शर्यत. सुमारे ७० कोटी डॉलरच्या दुरुस्तीची मागणी आली, शहराने नाही म्हटलं, आणि २०१६ मध्ये टीम परत लॉस एंजेलिसला गेली. राज्य, शहर आणि काउंटी मिळून वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलरचा हप्ता भरायचे, तो टीम गेल्यावरही काही वर्षं चालूच राहिला. पुढे शहराने लीगवर खटला भरला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ते बरं झालं, पण अशी कोर्टाची ताकद प्रत्येक शहराकडे असतेच असं नाही. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्याच मालकाने लॉस एंजेलिसला गेल्यावर जे स्टेडियम बांधलं ते खाजगी पैशातून, ५०० कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे पैसा होता. सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलचं स्टेडियम २००० साली आणि बास्केटबॉलचं २०१९ साली, दोन्ही मुख्यतः खाजगी पैशातूनच उभी राहिली, आमच्यातले बे एरियातले कितीतरी मराठी लोक तिथे मॅच बघायला जातात. जिथे बाजार मोठा तिथे मालक स्वतः बांधतो, आणि जिथे शहर लहान आणि घाबरलेलं तिथे मागतो.

अजून एक लपलेला खर्च आहे, तो सिनसिनाटीत न राहणाऱ्यालाही लागतो. अशा सरकारी रोख्यांवरच्या व्याजाला अमेरिकेत केंद्राचा आयकर नसतो, त्यामुळे गुंतवणूकदार कमी व्याजावर पैसे द्यायला तयार होतात, शहराला कर्ज स्वस्त पडतं. पण जो आयकर बुडतो तो सगळ्या देशाचा. २००० नंतर बांधलेल्या किंवा मोठं नूतनीकरण केलेल्या ३६ स्टेडियमचा हिशोब एका अभ्यासात काढला होता, केंद्राचा बुडालेला कर साधारण ३७० कोटी डॉलर. म्हणजे न्यू जर्सीत राहणारा आपला एखादा मराठी माणूस, ज्याला फक्त क्रिकेट कळतं, तोही बफेलोच्या आणि नॅशव्हिलच्या स्टेडियमला हातभार लावतोय. १९८६ साली तिथल्या संसदेने हे थांबवायला कायदा केला. कायदा म्हणतो, इमारतीचा दहा टक्क्यांहून जास्त वापर खाजगी धंदा करत असेल आणि कर्जफेडीतला दहा टक्क्यांहून जास्त पैसा त्या धंद्याकडून येत असेल तर करसवलत नाही. हेतू चांगला होता. पण शहरांनी काय केलं, टीमकडून येणारा पैसा दहा टक्क्यांच्या खाली ठेवला आणि बाकीचं कर्ज हॉटेल टॅक्स, विक्रीकर, गाडी भाड्याने घेण्यावरचा टॅक्स यातून फेडायला लागले. म्हणजे स्वस्त कर्ज मिळावं म्हणून टीमकडून कमी पैसे घ्यायचे! तिकीट, खाद्यपदार्थ, जाहिराती, नाव लावायचे हक्क, हे सगळं उत्पन्न टीमला सोडून द्यायचं आणि हप्ता सामान्य माणसाच्या टॅक्समधून भरायचा. जो कायदा अडवायला केला त्यानेच लोकांचा वाटा वाढवला, हे समजून घ्यायला मला दोन-तीन वेळा वाचावं लागलं होतं.

पण रोजगार? पण विकास? हे दोन शब्द प्रत्येक स्टेडियमच्या प्रचारात असतात, म्हणून यावर थोडं थांबू. समजा पुण्यातलं एक चार जणांचं कुटुंब आहे, महिन्याला मजेसाठी ४,००० रुपये काढतं. एरवी ते सिनेमाला जातात, मग एफसी रोडला जेवतात, येताना पोरांना काहीतरी घेतात. या महिन्यात ते गहुंजेला मॅच बघायला गेले आणि ४,००० तिथे संपले. स्टेडियमच्या गेटवर उभा राहून मोजणारा म्हणेल, बघा आज एवढ्या हजार लोकांनी एवढा पैसा खर्च केला, केवढी उलाढाल! पण एफसी रोडच्या त्या हॉटेलवाल्याकडे त्या दिवशी टेबलं रिकामी होती ते कोण मोजणार? पैसा नवीन आलाच नाही, तो एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात गेला. बाहेरगावाहून आलेले लोक असतात, त्यांचा पैसा नवीन धरा, पण बहुतेक प्रेक्षक त्याच भागातले असतात. आणि दुसऱ्या गल्ल्यात गेलेल्या पैशातला मोठा वाटा खेळाडूंचा पगार आणि मालकाचा नफा म्हणून शहराबाहेर जातो, एफसी रोडच्या हॉटेलवाल्याचा पैसा मात्र भाजीवाल्याला, वेटरला, दूधवाल्याला असा इथेच फिरला असता.

त्यात फुटबॉलच्या टीमच्या घरच्या मॅच वर्षाला जेमतेम दहा. बाकी ३५५ दिवस? मी आणि ताई एका बुधवारी सकाळी नदीकाठी चालायला गेलो होतो. स्टेडियमच्या भोवती नुसतं काँक्रीट, पार्किंगच्या जागा रिकाम्या, एक माणूस पानं गोळा करायचं मशीन चालवत होता आणि एक बाई कुत्रा फिरवत होती. नदीकाठची इतकी मोक्याची जागा, आणि कामाच्या दिवशी तिथे आम्ही धरून चार माणसं. मॅचच्या दिवशी कामाला येणारे, म्हणजे तिकीट तपासणारे, बिअर विकणारे, झाडलोट करणारे, त्यांचं काम पण तेवढ्याच दिवसांचं. असं नाही की आजूबाजूला काहीच झालं नाही, दोन स्टेडियमच्या मध्ये हॉटेलं आणि फ्लॅट झालेत, संध्याकाळी गर्दी असते, पण त्यासाठी सुद्धा वेगळा सरकारी पैसा आणि बरीच वर्षं लागली. शिकागो विद्यापीठाकडून मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांची मतं घेत असतात, २०१७ मध्ये त्यांना विचारलं होतं की स्टेडियमला दिलेल्या पैशातून स्थानिक लोकांना जो आर्थिक फायदा होतो त्यापेक्षा खर्च जास्त होतो का, तर ऐंशी टक्क्यांहून जास्त जणांनी हो म्हटलं. अर्थतज्ज्ञांचं एवढं एकमत साध्या साध्या गोष्टीवर होत नाही, डावे-उजवे सगळे इथे एका बाजूला.

म्हणजे मग एक पैसा पण देऊ नये का? इथे मी जरा वेगळा विचार करतो. आमच्या गावाकडे जत्रेला घरटी वर्गणी काढतात. त्यातून पालखी, लायटिंग, तमाशा आणि कुस्त्यांचं मैदान. मैदानाला खर्च होतो, मोठ्या कुस्तीला मोठं इनाम ठेवावं लागतं, बाहेरचे पैलवान येतात, पैसे घेऊन जातात. कुणी विचारत नाही की यातून गावाचा विकास किती टक्के झाला, कारण कुणी तसं सांगितलेलंच नसतं. वर्गणी आनंदासाठी काढलेली असते आणि सगळ्यांना ते माहीत असतं. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं ते संस्थानाच्या पैशातूनच, आणि आजही तिथे कुस्त्या होतात, मला त्याचा अभिमान आहे. खेळावर सार्वजनिक पैसा खर्च करणं मुळात वाईट आहे असं मी म्हणूच शकत नाही. बफेलोसारखं शहर घ्या, थंडी, बर्फ, कारखाने गेलेले, लोकसंख्या घटलेली, त्या लोकांना रविवारी एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे त्यांची फुटबॉल टीम. तिथल्या नवीन स्टेडियमला २०२२ मध्ये ८५ कोटी डॉलर जनतेचे मंजूर झाले, ६० राज्याचे, २५ काउंटीचे, आणि वाढीव खर्च टीमने सोसायचा ठरलं. मला ती रक्कम जास्त वाटते, पण तिथला माणूस म्हणाला की टीम गेली तर गावात राहिलं काय, तर त्याला मी आकडे दाखवून गप्प करणार नाही.

फक्त आनंदाचीही किंमत विचारता येते. पिट्सबर्गच्या आइस हॉकी टीमबद्दल अभ्यासकांनी लोकांना विचारलं होतं की टीम शहरात राहावी म्हणून तुम्ही स्वतः किती द्याल. लोक द्यायला तयार होते, जे कधी मॅचला जात नाहीत ते पण, पण सगळ्यांचं मिळून जे जमत होतं ते नवीन स्टेडियमच्या खर्चापेक्षा बरंच कमी. म्हणजे प्रेम खरं आहे, पण बिल प्रेमापेक्षा मोठं आहे. आणि आमच्या जत्रेत अजून एक गोष्ट होते. जत्रा झाली की जमाखर्च देवळाच्या बाहेर फळ्यावर लिहितात, कुणाचे किती आले, मंडपाला किती गेले, कुठल्या कुस्तीला किती इनाम दिलं, शिल्लक किती. कुणी भांडायचं असेल तर तिथेच भांडतो. स्टेडियमच्या बाबतीत मला हाच फळा हवाय.

काही ठिकाणी लोक आता नाही म्हणायला लागलेत. २ एप्रिल २०२४ ला मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत मतदान झालं, डॉलरमागे एका सेंटच्या तीन अष्टमांश भागाएवढा विक्रीकर पुढची चाळीस वर्षं स्टेडियमसाठी चालू ठेवायचा का, आणि लोकांनी स्पष्ट नाही म्हटलं. लक्षात घ्या, तिथली फुटबॉल टीम दोनच महिन्यांपूर्वी अजिंक्यपद जिंकून आलेली! पण मग जून महिन्यात शेजारच्या कॅन्सस राज्याने कायदा केला की आमच्याकडे या, स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे आम्ही काढू. राज्याची सीमा ओलांडली की झालं, तेच शहर, तेच चाहते. एकटं गाव नाही म्हणालं तरी शेजारचं हो म्हणतं, म्हणूनच हे थांबत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे लोक म्हणतात की इथे असं काही नाही, क्रिकेटच्या संघटना स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधतात. बऱ्याच अंशी खरं आहे. गहुंजेचं स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने कर्ज काढून बांधलं, २०१२ ला उघडलं, नावाच्या हक्कांचे ठरलेले पैसे पूर्ण आले नाहीत आणि २०१८ मध्ये थकलेल्या कर्जापोटी बँकांनी कागदोपत्री ताबा घेण्यापर्यंत गोष्ट गेली. म्हणजे जोखीम संघटनेनेच घेतली, लोकांच्या घरपट्टीत ती आली नाही. पण जनतेचा पैसा म्हणजे फक्त चेक नसतो. जागा कमी भाड्याने देणं, पोलिसांच्या बंदोबस्ताची फी कमी करणं, रस्ता, पाणी, वीज फुकट आणून देणं, हे सगळं पैसेच आहेत, फक्त बजेटमध्ये ते स्टेडियम या नावाखाली दिसत नाहीत. अगदी भाच्याच्या पावतीसारखं.

वानखेडे घ्या. चर्चगेटला, समुद्राजवळ, देशातल्या सगळ्यात महाग जमिनींपैकी एक, आणि ती सरकारची, लीजवर दिलेली. पन्नास वर्षांचं लीज फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं आणि २०१९ ला मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनला सुमारे १२० कोटी रुपयांची नोटीस काढली. बंदोबस्ताचे १४ कोटी ८२ लाख रुपये थकल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. आणि जून २०२३ मध्ये राज्य सरकारने मॅचच्या बंदोबस्ताची फी बरीच खाली आणली, तीही २०११ पासून मागे जाऊन लागू केली, त्यावर हायकोर्टात जनहित याचिका झाली आणि मागे जाऊन माफी कशासाठी असं कोर्टाने विचारलं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेलेत. एवढा पैसा असलेल्या खेळाला पोलिसांची फी का परवडू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. मॅचच्या रात्री तिथे उभा राहणारा कॉन्स्टेबल त्याच वेळी कुठल्यातरी पोलिस स्टेशनमध्ये कमी पडत असतो.

पाण्याचं तर मी डोळ्याने बघितलंय. एप्रिल २०१६, मी सुट्टीला मिरजेला घरी होतो, आणि लातूरसाठी पाण्याची ट्रेन भरायचं काम चालू होतं. स्टेशनच्या बाजूला लोक बघायला जायचे. वाघिणींच्या तोंडाला लावलेले जाड पाइप, भर उन्हात पाइपच्या जोडातून उडणारी बारीक धार, आणि एक म्हातारे गृहस्थ त्या धारेखाली बाटली धरून उभे होते, वाया नको जायला म्हणून. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात हायकोर्टात चर्चा चालू होती की आयपीएलच्या मैदानांना साठ लाख लिटर पाणी लागणार. कोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या मॅच राज्याबाहेर न्यायला सांगितल्या, फायनल मुंबईहून बंगळुरूला गेली. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, मॅच हलवून लातूरला पाणी मिळणार आहे का. नसेल मिळालं. पण सार्वजनिक गोष्ट आधी कुणाला, हा प्रश्न त्या निमित्ताने कुणीतरी मोठ्याने विचारला, आणि माझ्या मते तो विचारायलाच हवा होता.

आणि आता मोठा निर्णय पुढे येतोय. मे २०२५ मध्ये वानखेडेवर स्टँडना नावं द्यायचा कार्यक्रम झाला तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की मुंबईजवळ एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधा, जागा सरकार देईल. ठाणे जिल्ह्यात आमणेच्या बाजूच्या जागेची चर्चा बऱ्याच दिवसांची आहे. मला एक लाखाचं स्टेडियम हवंय का? हवंय, क्रिकेटवर माझं प्रेम आहे, वानखेडेची तिकिटं सामान्य माणसाला मिळत नाहीत हे मी स्वतः अनुभवलंय. रस्ता आणि लोकल चांगली केली तर तोही खर्च मला मान्य आहे, कारण मॅच नसेल त्या दिवशी ती गावातल्या लोकांना वापरता येते. पण जागेचा करार होईल तेव्हा पेपरात क्षमता किती आणि छप्पर कसं हे छापून येईल, आणि मला वाचायच्या असतील त्या आतल्या गोष्टी. लीज किती वर्षांचं, भाडं बाजारभावाच्या किती टक्के आणि दर किती वर्षांनी वाढणार. बंदोबस्ताची फी करारातच लिहिलीय का, की नंतर माफ करता येईल अशी मोकळी सोडलीय. मॅच नसेल त्या दिवशी भिवंडी-शहापूरच्या शाळेतल्या पोरांना मैदानावर पाय ठेवता येणार का. शेजारच्या जमिनीचे भाव वाढतील त्यातला काही वाटा सरकारकडे येणार का, की जमीन आधीच घेऊन ठेवलेल्यांकडेच जाणार. नाव द्यायचे हक्क विकले तर त्यातलं किती जनतेचं.

परवा भाऊजींशी फोनवर बोलताना मी हे सगळं सांगत होतो. ते म्हणाले, आमच्याकडे १९९६ च्या आधी हे प्रश्न विचारणारे होते, पण मत द्यायला चारच महिने होते आणि क्लीव्हलँडची टीम नुकतीच गेलेली. मग म्हणाले, भाच्याचे पाय वाढलेत, पुढच्या शनिवारी परत बूट घ्यायला जायचंय.